किनवटच्या दारावरचं हैदराबाद

१९७९ च्या जुलैत मी किनवटच्या स्टेशनवर उतरलो. हातात लोखंडी ट्रंक, काखेत वळकटी, खिशात नेमणुकीचं पत्र. मुदखेडहून निघालेली मीटर गेजची गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी अशी थांबत थांबत आली होती. सहस्रकुंडनंतर सागाचं रान दोन्ही बाजूंनी इतकं जवळ आलं की डब्यात अंधारून आलं. मी उदगीरकडचा, रान म्हणजे बाभळी आणि हिवर, एवढीच माझी समजूत. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "स्टेट बँकेत जायचंय." त्याला कळेना. पत्र काढून पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाला, "हैदराबाद बँक म्हना ना सायेब."

पुढं पस्तीस वर्षं मी हेच नाव ऐकलं. नांदेड, लातूर, परभणी, बीड, कुठंही गेलो तरी आमच्या बँकेला लोक हैदराबाद बँकच म्हणत. पण किनवटात त्या नावाला जो अर्थ होता तो दुसरीकडं नव्हता. तो मला आमच्या हेड कॅशियरनी सांगितला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दिवसाची कॅश टॅली झाली, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या, की ते पान लावत बसायचे आणि तेवढ्यात बोलायचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "नांदेड जिल्ह्यात आलास असं समजू नकोस. हे गाव १९५६ पर्यंत आदिलाबादचं होतं. इथल्या म्हाताऱ्या माणसाला जिल्हा कोणता विचार, तो अजून आदिलाबादच म्हणेल."

खरंच होतं ते. किनवटहून आजही नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वेळी किनवट तालुका आदिलाबादेतून काढून नांदेडला जोडला गेला. जिल्हा बदलला, राज्य बदललं, थोड्याच वर्षांत १९६० ला ते राज्यही बदलून महाराष्ट्र झालं. बँकेच्या दारावरची पाटी मात्र हैदराबादचीच राहिली.

त्या बँकेचा जन्म ८ ऑगस्ट १९४१ चा. १३५० फसलीच्या हैदराबाद स्टेट बँक कायद्यानं ती स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९४२ ला हैदराबादेत गनफाउंड्रीला तिचं कामकाज सुरू झालं. गनफाउंड्री म्हणजे तोफा ओतण्याचा जुना कारखाना जिथं होता तो भाग. शेवटपर्यंत आमचं मुख्य कार्यालय तिथंच होतं. ही बँक निघण्याचं मोठं कारण म्हणजे संस्थानाचं चलन. बाकी हिंदुस्थानात इंग्रजांचा रुपया, आणि निजामाच्या मुलखात त्याचा स्वतःचा: उस्मानिया सिक्का. आमच्याकडं इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत आणि निजामाच्या रुपयाला हाली. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ढोबळ भाव. सोलापूरच्या पेठेत माल घातलेला लातूरचा अडत्या आणि चांद्याला बैल विकलेला किनवटचा शेतकरी, दोघांनाही घरी येईपर्यंत हे गणित करावं लागे. ते चलन सांभाळणं, सरकारी कर्जरोखे पाहणं आणि त्यासोबत सर्वसाधारण बँकेचं काम करणं, यासाठी ही बँक होती.

काकांनी हाली पैशाचे शेवटचे दिवस काउंटरवर पाहिले होते. १९५० च्या दशकात तो टप्प्याटप्प्यानं बाद झाला. ते सांगायचे की लोकांना नोट बदलून घेण्याचं काही वाटलं नाही. चारमिनार छापाचा रुपया द्यायला मात्र हात धजत नसे, कारण त्यात चांदी होती. ते रुपये मग घराघरात राहिले. मी स्वतः पाहिलंय. १९८१ की ८२ साली बोधडीकडची एक म्हातारी लुगड्याच्या पदरातून अकरा हाली रुपये सोडून काउंटरवर ठेवून म्हणाली, "खात्यात टाक." काकांनी एकेक नाणं नखावर वाजवून पाहिलं. मला आवाज सारखेच वाटले, पण त्यांनी दोन बाजूला काढले. "आजी, हे चलन गेलं आता. ही नऊ सोनाराकडं ने, चांदीच्या भावानं दे. ही दोन खोटी आहेत." म्हातारीला खोट्या रुपयांचं काही वाटलं नाही. पण चलन गेलं म्हणजे कुठं गेलं, हे तिनं दोनदा विचारलं.

किनवटला नव्यानं आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगितली जायची. ३० जानेवारी १९४८. गांधीजींचा खून झाला तोच दिवस. त्या दिवशी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी स्टेट बँकेची शाखा ताब्यात घेतली आणि सुमारे वीस लाख रुपये नेले. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर स्टेट काँग्रेसचे जे कॅम्प चालत होते त्यांना तो पैसा लागला. आठ महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर १९४८ ला, संस्थान भारतात आलं. म्हणजे ज्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिक चालून गेले, तिच्याच काउंटरवर पुढं त्यांच्या पेन्शनी निघाल्या. रांगेत उभे असलेले असे दोघं-तिघं मी पाहिले. त्यांना पैसे मोजून देताना मी खुर्चीवरून उठायचो. बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात हे नव्हतं, पण काका उठायचे म्हणून मीही उठायला लागलो.

१९५६ चं वर्ष या बँकेच्या इतिहासात महत्त्वाचं आहे. २२ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं ती आपल्याकडं घेतली आणि नाव झालं स्टेट बँक ऑफ हैदराबाद. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत हैदराबाद नावाचं राज्यच उरलं नाही. १ ऑक्टोबर १९५९ ला ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली. म्हणजे किनवटसारख्या ठिकाणी काम करणारा माझ्यासारखा कारकून एका फार मोठ्या यंत्रणेचा अगदी टोकाचा दात होता. वर जिल्हा, विभाग, हैदराबाद, मुंबई. खाली पैनगंगेच्या काठापर्यंत पसरलेला तालुका, ज्यातल्या निम्म्या गावांना पावसाळ्यात रस्ता नव्हता.

आता खऱ्या कामाबद्दल.

सकाळी साडेदहाला दार उघडायच्या आधी खतावण्या बाहेर निघत. लेजर म्हणजे दोन्ही हातांनी उचलायचं कापडी पुठ्ठ्याचं बाड. एका खतावणीत काहीशे खाती. माणूस पैसे काढायला आला की विड्रॉल स्लिप घ्यायची, खतावणीत शिल्लक पाहायची, सही नमुन्याशी ताडायची, नोंद करायची, पितळी टोकन द्यायचं. मग स्लिप अधिकाऱ्याकडं, तिथून कॅशियरकडं, आणि कॅशियर टोकनाचा नंबर पुकारणार. शंभर रुपये काढायला अर्धा तास लागे आणि त्यात कोणी घाई करत नसे. गावकरी टोकन मुठीत घट्ट धरून बसत. काहींनी ते डोक्याला लावलेलं मी पाहिलंय.

नंबर पुकारण्यावरून आमच्या शाखेची खरी अडचण सुरू व्हायची. किनवट तालुक्यात मराठी सगळ्यांची नव्हती आणि नाही. गोंड गोंडी बोलतात, कोलाम कोलामी, तांड्यांवर बंजारा बोली, आदिलाबादच्या अंगाला तेलुगू, गावात दखनी. मराठी बोलणारेही आंध, मराठा, हटकर असे आपापल्या वळणाचे. मी पुकारायचो "सदतीस", आणि सदतीस नंबरचा माणूस माझ्याकडं पाहत बसून राहायचा.

तेव्हा आमचा दफ्तरी उठायचा. तो किनवटचाच. शाळा चौथीपर्यंत. बँकेच्या हजेरीपटावर तो चतुर्थश्रेणी कर्मचारी, काम काय तर व्हाउचर शिवणं, खतावण्या काढणं-ठेवणं, डाक नेणं. आम्ही त्याला मामा म्हणायचो. मामाला सहा बोल्या येत होत्या. तो सदतीस तेलुगूत म्हणायचा, मग गोंडीत, आणि कोणीच उठलं नाही तर सरळ जाऊन माणसाच्या मुठीतलं टोकन पाहायचा.

पण बोली हा त्याच्या कामाचा लहान भाग होता. मोठा भाग होता ओळख. बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. त्यानं अर्जावर सही करून लिहून द्यायचं की या माणसाला मी ओळखतो. शहरात ही औपचारिकता. इथं मात्र अख्खी शाखा त्यावर उभी होती. खतावणीत आत्राम, मडावी, कुमरे, सिडाम, मेश्राम अशी पानंच्या पानं. एकाच वाडीत भीमराव आत्राम चार. चौघांच्या बापाचं नाव सोनेराव. चौघांचाही अंगठा. कॅशियरनं पैसे द्यायचे कोणाला?

मामा त्यांना विचारायचा, किती देवांचे? गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळं असतात, त्यावर सोयरिक ठरते. मग विचारायचा, घर विहिरीच्या अलीकडं की पलीकडं, बायको कोणत्या गावची, परवा दंडारीत ढोल कोणी वाजवला. दोन मिनिटांत सांगायचा, "हा तिसरा. ह्याचा पैसा हाय. त्या दुसऱ्याचा नाही." माझ्या सात वर्षांत त्याची ओळख एकदाही चुकली नाही. खतावणीच्या कोपऱ्यात आम्ही ओळखीच्या खुणा लिहून ठेवायचो: डाव्या भुवईवर वण, उजव्या हातावर गोंदलेला विंचू, करंगळी अर्धी. बायकांच्या पानांवर गोंदणाच्या खुणा भरपूर. त्या खतावण्या आज असत्या तर तालुक्यातल्या एका पिढीच्या गोंदणांची ती सर्वांत मोठी नोंद ठरली असती.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण किनवटच्या बँकेचा इतिहास माझ्या मते अंगठ्याचाच इतिहास आहे.

पुरुषाचा डावा अंगठा, बाईचा उजवा, शेजारी साक्षीदार. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी. जांभळ्या शाईची गादी पुढं केली की शहरातला निरक्षर माणूस सरळ अंगठा टेकवतो. इथं लोक हात मागं घ्यायचे. एक कोलाम शेतकरी होता, पीक कर्जाचा अर्ज मंजूर झालेला, फक्त अंगठा राहिलेला. तो तीन वेळा येऊन गादीकडं पाहून परत गेला. मला राग यायचा. लोकांसाठी एवढ्या योजना, आणि लोक घाबरतात! काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शाईचा अंगठा म्हणजे काय हे ह्यांच्या घरात माहीत आहे. ह्यांच्या आज्यानं एक अंगठा दिला होता. जमीन गेली."

पुढं मी वाचत गेलो तेव्हा ते किती खरं आहे ते कळलं. आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या या आपल्याच जिल्ह्यात, १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीमू निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जल, जंगल, जमीन यांवर गोंडांचा हक्क, हे त्याचं म्हणणं. त्यानंतर संस्थान सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले कशानं, आणि मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाला पाठवलं गेलं. ते मारलावाई नावाच्या गोंड गावात राहिले. त्यांनी जे लिहिलं त्यातली एक गोष्ट वारंवार येते: पट्टा नसलेली जमीन, बाहेरून आलेले लोक, सावकाराचं धान्य आणि कापडाचं उधारखातं, आणि शेवटी कागदावर अंगठा. अंगठा देणाऱ्याला कागदात काय आहे ते माहीत नसायचं. रेल्वे आणि रस्ते आले तशी जमिनीला किंमत आली आणि ही गती वाढली.

हे सगळं ज्याच्या घरात घडून गेलंय त्याच्यापुढं मी, तेवीस वर्षांचा इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा, शाईची गादी सरकवत होतो, आणि वर म्हणत होतो की हे तुमच्या भल्याचं आहे.

भल्याचं होतंही. ते मी ठामपणे सांगतो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शेतकरी हा बँकेचा गिऱ्हाईक असू शकतो हे वरच्यांना मान्य करावं लागलं. १९७४ साली महाराष्ट्रानं आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १९७६ ला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, मुख्यालय नांदेडला, आणि जिथं आम्ही पोचत नव्हतो अशा गावी तिच्या शाखा गेल्या. या सगळ्याआधी किनवटच्या कोलामाला कर्ज देणारा एकच माणूस होता आणि तो व्याज धान्यात घ्यायचा. पेरणीला दिलेली ज्वारी सुगीला दीडपट, दुप्पट. त्या तुलनेत आमचं व्याज काहीच नव्हतं. तरी सावकाराकडं एक गोष्ट होती जी आमच्याकडं नव्हती: तो रात्री बारालाही दार उघडायचा. पोराला ताप भरला, साप चावला, मयत झालं, तर माणूस सकाळच्या साडेदहाची वाट कशी पाहणार? कमी व्याज देऊनही बँका सावकाराला का हटवू शकल्या नाहीत, याचं उत्तर मला किनवटात मिळालं.

त्या कोलाम शेतकऱ्याचा प्रश्न शेवटी मामानंच सोडवला. त्यानं अर्जातली एकेक ओळ कोलामीत सांगितली. किती पैसे, कधी फेडायचे, नाही फेडले तर काय होतं. शेवटी त्यानं त्या माणसाचा नाही, स्वतःचा अंगठा गादीवर टेकवला आणि साक्षीदाराच्या जागी उमटवला. मामाला सही येत होती. तरीही त्यानं अंगठाच दिला. मग त्या माणसानं आपला दिला.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० नंतर जोरात आला. लहान शेतकऱ्याला खर्चाच्या पंचवीस टक्के अनुदान, अत्यल्पभूधारक आणि मजुराला तेहतीस टक्क्यांच्या वर, आदिवासीला पन्नास. बाकी बँकेचं कर्ज. कोणाला बैलजोडी, कोणाला शेळ्या, कोणाला म्हैस. शनिवारी अर्धा दिवस संपला की आम्ही मोटारसायकलवर मांडवी, सारखणी, इस्लापूरकडं जायचो, जनावरं पाहायला. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असायचा. जनावर मेलं तर तो बिल्ला आणून द्यायचा, त्याशिवाय दावा नाही. एकदा भर पावसात एक बाई आठ कोस चालत आली. तिच्या पदरात बिल्ला होता आणि बिल्ल्यासकट कान. तिला कोणीतरी सांगितलं होतं की नुसता बिल्ला चालत नाही. मी तो कागदात गुंडाळून घेतला, पावती दिली. त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिचा दावा मंजूर झाला, हे मी स्वतः पाठपुरावा करून पाहिलं.

त्या बैलजोड्यांचा हिशेब फार लोकांनी तोट्याचा म्हणून मांडला. थकबाकी होती, खरं आहे. १९९० ला दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ झाली तेव्हा शाखेतल्या किती खतावण्यांवर तांबड्या शाईनं रेघ मारली त्याला मोजदाद नाही. पण मी १९९९ ला अधिकारी म्हणून पुन्हा किनवटला आलो तेव्हा ज्यांच्या घरी पहिली बैलजोडी बँकेची आली होती, त्यांची पोरं आश्रमशाळेतून शिकून शिक्षक, वनरक्षक, तलाठी झालेली मला काउंटरवर भेटली. ती स्वतः सही करत होती. पगाराचं खातं काढायला आलेल्या एका मुलानं बापाचं नाव लिहिलं आणि मी मान वर करून पाहिलं: भुवईवर वण नव्हता, पण नाक तेच होतं.

मोठ्या बँकेत काम करणं म्हणजे काय, असं माझे नातू विचारतात. त्यांना वाटतं सूटबूट, वातानुकूलित खोल्या. मी त्यांना नवाची गोष्ट सांगतो. महिन्याच्या शेवटी प्रत्येक खतावणीची बेरीज मुख्य खात्याशी जुळवायची. जुळली नाही तर फरक काढायचा. फरक नवानं भागला गेला तर समजायचं की कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ च्या जागी ४५, ८१० च्या जागी १८०. मग त्या एका उलट्या आकड्यासाठी रात्री अकरापर्यंत हजारो नोंदी पुन्हा पाहायच्या. वर्षअखेर तेव्हा ३१ डिसेंबरला असे. ३१ मार्च नंतर आली. ३१ डिसेंबरच्या रात्री किनवटची थंडी, खिडकीतून येणारा पैनगंगेकडचा वारा, दिवे गेले तर पेट्रोमॅक्स, मामानं आणलेला चहा, आणि बचत खात्यांचं व्याज हातानं काढत बसलेले आम्ही पाच जण. व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळायचं. ही अट खातेदारांना ठाऊक नसायची. काका शिक्षकांना बजावून सांगायचे, "पैसे टाकायचे तर दहाच्या आत टाका, काढायचे तर एक तारखेनंतर नि दहाच्या आधी काढा." बँकेचं नुकसान करणारा हा सल्ला बँकेचाच माणूस देत होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो. २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळू लागलं तेव्हा काका हयात नव्हते.

आणखी एक काम कोणी लिहून ठेवलेलं नाही: नोटा वाळवण्याचं. वाडीवरची माणसं पैसे बांबूच्या नळीत, आढ्याला, कधी भिंतीत ठेवत. पावसाळ्यानंतर त्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या यायच्या, धुराचा आणि मोहाचा वास असलेल्या. मामा त्या ओल्या फडक्यावर सुट्या करून पंख्याखाली टेबलावर मांडायचा, वर पेपरवेट. वाळवीनं खाल्लेल्या नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम होते, किती भाग शिल्लक असला तर किती पैसे. आम्ही त्या तुकड्यांचे तुकडे जुळवायचो. तेंदूपत्त्याचे चार पैसे म्हणून ठेवलेले असायचे ते.

संगणक आला, खतावण्या गेल्या. ठरावीक वर्षं झाली की जुन्या नोंदी नष्ट करायच्या, हा सगळ्या बँकांचा नियम, आणि तो योग्यच असणार. तेवढे कागद ठेवायचे कुठं? पण त्या खुणांची, गोंदणांची, "ओळख देणारा" या रकान्यातल्या नावांची कोणी नक्कल केली नाही. त्यानंतर २०१४ ला जनधन खाती आली. मी त्याच वर्षी निवृत्त झालो. आता अंगठा शाईच्या गादीवर नाही, काचेवर ठेवायचा. आयुष्यभर नांगर, कुऱ्हाड आणि मोहफुलं वेचून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, त्याचा अंगठा काच ओळखत नाही. मागं एका ठिकाणी असाच एक म्हातारा पाहिला. चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा जुळला नाही. तो म्हणाला, "अंगठा तोच हाय बाबा. माणूसही तोच हाय." त्याला ओळखणारा त्या खोलीत कोणी नव्हता. मामा १९९६ ला निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पुन्हा तशी नेमणूक झाली नाही. सहा बोल्या येणं ही पात्रता कोणत्याही जाहिरातीत नसते.

१ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बिकानेर-जयपूर, म्हैसूर, त्रावणकोर आणि पतियाळा या बँकाही तिच्याबरोबरच. संस्थान १९४८ ला संपलं, राज्य १९५६ ला संपलं, आणि हैदराबाद हे नाव किनवटच्या दारावरून ३१ मार्च २०१७ नंतर उतरलं. त्या मे महिन्यात एका लग्नाला मी किनवटला गेलो होतो. नवी निळी पाटी लागली होती. रिक्षावाल्याला मी मुद्दाम म्हटलं, "स्टेट बँक." तो तरुण होता. म्हणाला, "म्हंजे हैदराबाद बँक ना?"

आता माझी एक विनंती आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथं इतिहास शिकणारी मुलं आहेत. हैदराबाद बँकेचा इतिहास गनफाउंड्रीचा, कायद्यांचा आणि ठेवींच्या आकड्यांचा म्हणून लिहिला जाईल. त्याचे कागद सुरक्षित आहेत. किनवट, माहूर, हदगाव, भोकर, उदगीर, औसा इथल्या काउंटरांचा इतिहास कागदावर नाही, तो आमच्याकडं आहे. दफ्तरी, गार्ड, कॅशियर यांच्याकडं तर आमच्याहून जास्त आहे. आम्ही सगळे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतो आणि ओळखीचे चेहरे शोधत दिवसभर बाकावर बसतो. दरवर्षी बाकावर जागा वाढते आहे. वही घेऊन या, आणि आधी शिपायांना विचारा.